मधल्या तीन कॅप

शनिवार, ४ ऑक्टोबर

ती. काका,

नमस्कार. अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते: मी टिमकी. तुम्ही घर सोडून शहरात गेलात तेव्हा मी बाकावर उभी राहून असं भोकाड पसरलं होतं की अख्खी आळी गोळा झाली, असं सगळे अजून सांगतात. हे नाव तुम्हीच ठेवलेलं आहे, तेव्हा आता निस्तरा.

ही चिठ्ठी ट्रकवाला देईल, सगळं गाव त्याला भोंगा म्हणतं, आणि चिठ्ठीबरोबर एक इंजिन. आपल्या जुन्या गाडीचं. उन्हाळ्यात खिंडीत पाणी आटून इतकं तापलं की बंदच पडलं. बाबांनी स्वतः सगळं खोललं. सिलिंडर झिजलेत, क्रँकवर चरे पडलेत, आणि ते काम मशीनशिवाय होत नाही. मशीन तुमच्याकडे आहे. शिवाय बाबांचे हात आता थरथरतात. कप बशीत ठेवताना खुळखुळा वाजतो. हे मी तुम्हाला सांगितलं असं चुकूनही म्हणू नका.

घाई का, ते ऐका. वहिनीला सातवा संपत आलाय. भाऊ जहाजावर आहे, बर्फ वितळल्याशिवाय येत नाही. नर्सबाई म्हणतात, वार मुलाच्या वाटेत आडवी आलीय. बाळंतपण इथे झालं तर रक्त थांबणार नाही, दोघंही हाती लागणार नाहीत. पोट उघडूनच मूल काढायला हवं, म्हणजे खिंडीपलीकडचा मोठा दवाखाना. तिथली गाडी खिंडीच्या अलीकडे येत नाही. मी म्हटलं, आत्ताच ट्रकमधून नेऊ, तर नर्सबाईंनी मलाच झापलं. तिला बसवायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, झोपवून न्यायचं. गावात दुसरं वाहन म्हणजे ट्रॅक्टर, त्याचं तर नावच नको. आपल्या गाडीची एक सीट काढली की माणूस सरळ झोपतो.

आणि नोव्हेंबर लागला की खिंड कधीही बंद होते, हे तुम्हाला मी काय सांगणार?

बाबांना सांगितलंय, इंजिन शहरातल्या एका चांगल्या वर्कशॉपमध्ये चाललंय. कुणाच्या, ते सांगितलं नाही. तुमचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात. टेलिफोनची तार मागच्या बर्फात तुटली ती तशीच लोंबतेय. भोंगा बुधवारी आणि शनिवारी वर येतो नि तासाभरात परत निघतो, तेवढंच आपलं टपालखातं. नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणा, म्हणजे मला दुसरीकडे हातपाय मारता येतील.

तुमची,
टिमकी


मंगळवार, ७ ऑक्टोबर

टिमके,

नाही म्हणायला मी काय परका आहे? असलं पुन्हा लिहू नकोस.

इंजिन उघडलं. काय हाल करून ठेवलेत गं त्याचे! पाणी न बघता खिंड चढायला कोणी सांगितलं होतं? असो. ब्लॉकला तडा नाही, हे नशीब. सिलिंडर बोअर करतो, म्हणजे आतून कापून सारखे करतो, क्रँक घासतो, पिस्टन नि रिंगा नव्या. माझ्याकडची बाकीची कामं मागे ठेवलीत. गिऱ्हाइकं बोंबलतायत, बोंबलू देत. महिनाअखेर इंजिन तुझ्या दारात.

दादाची बांधणी बघून मात्र बरं वाटलं. एकेक नट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. कॅपवर ठिपके. तुला कळावं म्हणून सांगतो. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता कणा, त्याला ब्लॉकवर पाच कॅप आवळून धरतात. पहिली आणि शेवटची वेगळ्या आकाराच्या, त्या चुकत नाहीत. मधल्या तीन दिसायला एकसारख्या, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. जागा बदलली तर केसाएवढा फरक पडतो आणि क्रँक जखडतो. म्हणून दादा त्या तिघींवर पंचने एक, दोन, तीन असे ठिपके मारतो. आता एक कुठून? सगळं जग पुढून, रेडिएटरकडून मोजतं. तुझा बाप मागून, फ्लायव्हीलकडून. तो काम बंदरात लाँचवर शिकला, तिथे तीच पद्धत होती. मी म्हणायचो पुढून, तो म्हणायचा मागून. एकदा एकच इंजिन त्याने खोललं आणि मी जोडलं. ते भर खिंडीत जाम झालं. गाडीत माणसं होती, थोडक्यात वाचली. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मी त्याच्याकडे. मग मी बॅग भरली आणि तू भोकाड पसरलंस.

त्यामुळे ठिपक्यांचं मला विचारायला नको. खिंड जागची हलेल, तुझा बाप हलायचा नाही.

त्याचे हात थरथरतात म्हणतेस. कधीपासून?

काका


शनिवार, ११ ऑक्टोबर

ती. काका,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला होता, तो गुरुवारी पुन्हा बाहेर आला. वहिनीला रक्त गेलं. फार नाही, पण गेलं. नर्सबाईंनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्यात, तिला उठायची बंदी केलीय. ती पडल्यापडल्या छताच्या फळ्या मोजते आणि मला म्हणते, "टिमके, घाबरू नकोस हं." म्हणजे बघा, कोणी कोणाला धीर द्यायचा! नर्सबाई म्हणतात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत ती पलीकडे पोचलीच पाहिजे. पुन्हा जोरात रक्त गेलं तर त्याच दिवशी, वाट न बघता.

बाबांनी माझ्यामागे भुणभुण लावलीय. वर्कशॉपवाला कसा आहे, हाताखाली माणसं किती, लेथ कुठली. मी आपली तोंडाला येईल ते ठोकून देते. काल विचारलं, "कॅपवरचे ठिपके बघितले का त्याने?" म्हटलं, बघितले. तर म्हणाले, "काही अडलं तर विचार म्हणावं." मी म्हटलं, त्याला काही अडत नाही, त्याला सगळं कळतं. तर चक्क हसले. म्हणाले, "मग ठीक आहे."

भांडणाचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ठिपक्यांवरून? खरंच, तुम्हा दोघांना एका पोत्यात घालायला पाहिजे.

हात दोन वर्षांपासून थरथरतात.

लवकर करा, काका. हात जोडते.

टिमकी


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

टिमके,

हे पत्र लिहायला माझा हात धजत नाहीये. काम बिघडलंय.

बोअर झालं, क्रँक घासून आरशासारखा झाला. काल कॅप लावल्या, दादाच्या ठिपक्यांप्रमाणे, मागून एक-दोन-तीन. बोल्ट आवळले. क्रँक फिरेना. दांडा लावला, दांड्याला पाइप लावला, त्याला लोंबकळलो, तरी हलेना. पुन्हा खोललं. क्रँक सरळ आहे, दोनदा तपासला. बेअरिंगं बरोबर आहेत. मग उरलं काय? उन्हाळ्यात इंजिन भाजलं तेव्हा कॅप वाकल्या असणार, दुसरं कारण दिसत नाही.

आता एकच उपाय. कॅपच्या पायातून थोडा धातू काढायचा आणि पाचही जागा एका रेषेत नव्याने बोअर करायच्या. ते मशीन सोमवारी सकाळी मोकळं होतं, तेव्हा लगेच कापायला घेतो. एकदा कापलं की कापलं, धातू परत चिकटवता येत नाही. वर बेअरिंगं वेगळ्या मापाची लागतील, ती मागवावी लागतील. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य उजाडतो.

नोव्हेंबरचा मध्य म्हणजे काय ते मला कळतं, पोरी. वर्कशॉपमधली माणसं माझ्याशी बोलायला बिचकतायत. दुसरं वाहन कुठून मिळतंय का बघ, कोणाच्याही पाया पड. मी इथे विचारतोय, पण बर्फाच्या तोंडावर खिंड ओलांडायला कोणी तयार होत नाही.

काका


शनिवार, २५ ऑक्टोबर

काका,

भोंगा हॉर्न वाजवतोय, मला पाचच मिनिटं आहेत. कापू नका! आधी सोबतची चिठ्ठी वाचा, मग माझं वाचा.

तुमचं पत्र वाचलं. खिंडीच्या माथ्यावर आज पांढरं दिसतंय. सरळ बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, इंजिन काकाकडे आहे, क्रँक फिरत नाही, सोमवारी कॅप कापतायत, आता मला मारा नाहीतर काहीतरी सांगा. मला वाटलं आभाळ कोसळणार. ते शांतपणे म्हणाले, "बारक्याकडे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भोंग्याला पत्ता सांगताना तू त्याला ट्रकच्या मागे नेलंस, तेव्हाच." म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "बरंच वाटलं. म्हटलं, त्याच्याकडे गेलंय तर ठिपक्यांची चिंता नको."

मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. "मागून एक-दोन-तीन" हे ऐकलं आणि ते उभेच राहिले. "मागून? बारक्या मागून मोजतोय?" असं दोनदा म्हणाले. सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडला, लिहिलं, घडी घातली. हात इतका थरथरत होता की कागद मी धरला.

भोंग्याला बजावलंय, वाटेत कुठेही चहाला थांबायचं नाही. तो म्हणतो, चाकाची हवा कमी आहे, उद्या रात्रीपर्यंत तरी पोचतो. मी म्हटलं, ढकलत ने.

टिमकी

(सोबत, सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर:)

बारक्या,
कॅप कापू नकोस. वाकलेल्या नाहीत. ठिपके पुढून मोज. तू गेलास तेव्हापासून मी पुढूनच मोजतो.
दादा


मंगळवार, २८ ऑक्टोबर

टिमके,

तुझा भोंगा रविवारी आलाच नाही. चाक फुटलं होतं. सोमवारी सकाळी मी पहिली कॅप मशीनवर बांधली, माप घेतलं, चष्मा पुसला. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं, आणि दारात तो हॉर्न. असा वाजवत होता मेला, की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मी बाहेर गेलो ते त्याला चार शिव्या घालायला.

चिठ्ठी वाचली. तिथेच पायरीवर बसून पुन्हा वाचली. माणसांना वाटलं, कोणी गेलं की काय.

आत येऊन एक ठिपक्याची कॅप पुढे घेतली, तीन ठिपक्यांची मागे. दोनची हलवावी लागत नाही, ती कुठूनही मोजली तरी मधलीच. बोल्ट आवळले. क्रँक दोन बोटांनी फिरला, टिमके. दोन बोटांनी! मी फिरवत बसलो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आलं तर आलं, वर्कशॉप माझं आहे.

दादाला सांग. मी इथे आलो त्या दिवसापासून मागून मोजतो. नवा माणूस कामाला लागला की हसतो, म्हणतो असं कोणी मोजत नाही. मी म्हणतो, आमच्या घरची हीच रीत आहे. इतकी वर्षं दादाचं म्हणून मागून मोजलं, आणि त्याचंच इंजिन त्यापायी कापून ठेवणार होतो.

शनिवारी मी इंजिनाबरोबर ट्रकमधून येतोय. गाडीत बसवायला दोन थरथरणारे हात पुरायचे नाहीत. घरात घेत नसेल तर बाहेर बसून जोडीन.

एक गोष्ट नीट ऐक. नव्या इंजिनाला सुरुवातीला जोर सोसत नाही. आधी आठवडाभर सपाटीवर हळूहळू चालवायचं, मगच चढ. लगेच खिंडीत घातलं तर पिस्टन फुगून चिकटतील आणि तुम्ही मध्येच अडकाल. तेव्हा आठवडा पाहिजे. बर्फाला सांग.

काका


बुधवार, ५ नोव्हेंबर
दवाखाना

ती. बाबा आणि काका,

दोघांना एकाच पत्रात लिहायची ही माझी पहिलीच वेळ, मायना लिहितानाच हसू आलं. आधी मुद्द्याचं: वहिनी आहे. मुलगी आहे. दोघी आहेत. आता सावकाश वाचा.

सोमवारी दुपारी वहिनीची चादर भरली तेव्हा गाडी गावात जेमतेम चार चकरा मारून आली होती. काका, तुमचा आठवडा गेला उडत. खिंडीची सवय आता मलाच, म्हणून चालवायला मी बसले, तरी तुम्ही दोघं दोन खिडक्यांतून एकदमच ओरडत होतात, ते मला शेवटपर्यंत ऐकू येत होतं. बाबा म्हणत होते, तापमानाचा काटा वर गेला तर हीटर पूर्ण सोड, म्हणजे इंजिनाची धग आत निघेल. काका म्हणत होते, दुसऱ्या गिअरवरच ठेव, प्रत्येक वळणावर क्षणभर पाय उचल, त्याला श्वास घेऊ दे. कोणाचं ऐकू? मी दोघांचं ऐकलं.

तिसऱ्या वळणापर्यंत काटा मधोमध होता. मग चढायला लागला. हीटर सोडला. बाहेर बर्फाची भुरभुर आणि आत नुसती भट्टी, नव्या रंगाचा जळका वास. नर्सबाई वहिनीच्या पायाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या, त्यांचा घाम टपटप पडत होता. वहिनीला विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, "थंडी वाजतेय." त्या भट्टीत!

जुन्या चौकीपाशी काटा लाल खुणेला टेकला. तिथे थांबायला जागा आहे. थांबून गार केलं असतं तर इंजिन नक्की वाचलं असतं. मी नर्सबाईंकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी थांबले नाही. मला त्या वेळी काय वाटत होतं सांगू? एक ठिपका पुढे, तीन मागे, दोन मधे. हेच मनात घोकत होते. पाय उचलायचा, एक, दोन, तीन, पुन्हा दाबायचा. बाबा, मी रडत होते, लाज कसली! इंजिनाचा आवाज मात्र बदलला नाही. एकदाही बदलला नाही. मी त्याच आवाजाला धरून बसले होते.

माथ्यावर पुढचं दिसेना इतकं बर्फ होतं. उतार लागला तसा काटा सुटला आणि खाली आला. मग वहिनी बोलायची बंद झाली. उताराचं मला काही आठवत नाही. दवाखान्याच्या दारात माणसांनी तिला उचललं तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात, एका वॉर्डबॉयने एकेक बोट सोडवलं.

डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. तीन बाटल्या रक्त दिलं. मुलगी एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण आवाज! अख्खा वॉर्ड उठवला तिने. नर्स म्हणाली, ही कोणावर गेलीय? मी खिडकीकडे वळले.

खिंड त्याच रात्री बंद झाली, असं इथे कळलं. म्हणजे काका, तुम्ही अडकलात. आता बर्फ वितळेपर्यंत एकाच छपराखाली. सांभाळून राहा रे बाबांनो. हे पत्र टपालवाला पायी घेऊन येणार आहे, त्याला गरम काहीतरी द्या.

टिमकी


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. टिमकी,

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मग बारक्याने मोठ्याने वाचलं, मग नर्सबाईंच्या घरचे आले म्हणून पुन्हा वाचलं. आता तो कागद घडीवर फाटायला आलाय. टपालवाल्याला दोन दिवस ठेवून घेतलं.

तू गेल्यावर आम्ही दोघं रस्त्यावरच उभे होतो. खिंडीच्या चढावर गाडीचा आवाज बराच वेळ ऐकू येतो, तुला माहीत नसेल. बारक्या म्हणत होता, आता दुसरा गिअर. मी म्हणत होतो, आता पाय उचलला. जुन्या चौकीपाशी आवाज थांबेल म्हणून मी श्वास रोखून होतो. थांबला नाही. पुढे ऐकू येईनासा झाला तरी आम्ही उभेच. मग बारक्या म्हणाला, "दादा, आत चल, हात गार पडले तुझे." त्याने माझे हात त्याच्या हातात धरले होते, ते मला तोवर कळलंच नव्हतं.

वहिनीला म्हणावं, छताच्या फळ्या बारक्याने मोजल्या, तिच्यापेक्षा एक जास्त भरली. बाळाला माझा आशीर्वाद.

गाडीचं तेल बदल. पहिल्या तेलात धातूचा चुरा असतो. पाणी बघ. रोज बघ.

तुझा,
बाबा

ता. क. टिमके, मी काका. दादाने सगळं गोड-गोड लिहिलंय, खरं मी सांगतो. रिकामं बसवेना म्हणून गावाच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललं. दादा पंच धरतो, मी हातोडी मारतो, म्हणजे त्याच्या थरथरीचा प्रश्न मिटला. पण ठिपके कुठून मारायचे, यावरून कालपासून अबोला आहे. तो म्हणतो, पुढून, तुझंच बरोबर होतं. मी म्हणतो, मागून, तुझंच बरोबर होतं. आम्ही दोघंही मागे हटत नाही. जेवताना मीठ पाहिजे असलं तरी टपालवाल्याला सांगावं लागतं. आज सकाळी वैतागून मधल्या कॅपवर दोन ठिपके मारून ठेवलेत. बाकीच्या दोन तू येईपर्यंत तशाच राहतील.